वर्गणीची वही

गणपती उठले की संपादक महाशयांचा निरोप येतो आणि त्यातला मजकूर दरवर्षी एकच असतो: उदगीरच्या लढाईवर काही तरी द्या. त्यांचेही बरोबर आहे. उदगीरच्या इतिहास-मास्तराने दुसरे लिहायचे तरी काय? ३ फेब्रुवारी १७६० ला सदाशिवरावभाऊंनी निजामाला या माळावर नमवले, साठ लाखांचा मुलूख मिळवला आणि पुढच्याच संक्रांतीला पानिपतावर सारे गमावले. ही हकीकत मी वर्गात तेहतीस वेळा सांगितली आणि या अंकातून पाच-सहा वेळा लिहिली. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा आता वाचकांना माझ्याइतक्याच पाठ झाल्या असतील.

यंदा मात्र दसऱ्याच्या आधी माळा झाडताना एक वही हाती आली. लाल कापडी पुठ्ठ्याची, दुकानदार वापरतात तसली आडवी खतावणी. इतिहासाच्या मास्तराला जुना कागद दिसला की तो झाडू बाजूला ठेवतो. सौभाग्यवती खालून ओरडत राहिल्या आणि मी माळ्यावरच तासभर वाचत बसलो. त्या वहीचा इतिहास आज सांगणार आहे. विषय दुखण्याचा आहे. फराळाच्या ताटापुढे दुखण्याची गोष्ट काढू नये असे आमची आजी म्हणत असे, हे मला ठाऊक आहे. पण वाचकहो, यातला बराचसा भाग माणसे वाचल्याचा आहे, तेव्हा चकली खाली ठेवण्याचे कारण नाही.

वहीच्या पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात तारीख आहे, डिसेंबर १९९४. किल्लारीचा भूकंप होऊन सव्वा वर्ष झाले होते. आमच्या शाळेतली सातवीतली एक मुलगी सारखी आजारी पडू लागली. ताप, हिरड्यांतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग. तपासणीत ब्लड कॅन्सर निघाला. वडील दाळमिलमध्ये हमाल. डॉक्टरांनी मुंबईला टाटा रुग्णालयात न्यायला सांगितले, आणि मुंबई त्या माणसाला काशीहून लांब.

मग वही निघाली. पाने चाळली की सारे गाव डोळ्यांपुढून जाते. 'दाळमिलचे हमाल, ३४० रुपये.' 'आठवी ब, ६१ रुपये ५० पैसे.' 'चौबाऱ्याजवळचे फळवाले मिळून, २०५.' 'जनावरांच्या बाजारातले दलाल, ५०१.' 'नाव लिहू नका म्हणाले, १०१.' भूकंपाला देऊन देऊन हात आखडले असतील असे मला वाटत होते. तसे झाले नाही. मराठी, कानडी, उर्दू, तेलुगू अशा चार भाषांत सह्या आहेत, कारण हे गाव १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानातल्या बिदर जिल्ह्याचे होते आणि त्या भाषा अजून इथेच नांदतात. पोरीला घेऊन आई-बाप रात्रीच्या एस.टी.ने निघाले तेव्हा स्टँडवर शंभरेक माणसे होती. दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत ती दोघे महिनोन्‌महिने राहिली.

मुलगी वाचली. आज ती दोन मुलांची आई आहे आणि तिच्या मुलाला गणित मुळीच येत नाही, हे तिने मला मागच्या महिन्यात सांगितले.

आता प्रश्न असा की ती वाचली कशी? वर्गणीने तिकीट निघते, रोग बरा होत नाही. ती ज्या औषधांनी बरी झाली त्यांचा वंशवृक्ष मी निवृत्तीनंतर धुंडाळला आणि मला मोठी मौज वाटली. बर्लिनमध्ये १८४५ साली रुडॉल्फ फिर्खो नावाच्या तरुण डॉक्टराने एका पन्नाशीच्या स्वयंपाकिणीचे शव तपासले. तिच्या रक्तात पांढऱ्या पेशींचा इतका भरणा होता की त्याने त्या विकाराला 'पांढरे रक्त' एवढेच साधे नाव दिले. त्याचेच पुढे ग्रीकमध्ये ल्यूकेमिया झाले. त्याच वर्षी एडिंबरोच्या बेनेट या डॉक्टरानेही असाच रोगी नोंदवला, आणि आधी कोणी पाहिले यावरून दोघांचे वाजलेही. नाव मिळाले, उपाय शंभर वर्षे मिळाला नाही.

उपायाचे पहिले सूत सापडले ते आपल्या परळात. १९२८ साली ल्यूसी विल्स ही इंग्रज विदुषी मुंबईच्या हाफकिन संस्थेत आली. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायका रक्त कमी होऊन दगावत, त्याचे कारण तिला शोधायचे होते. तिने काय केले? त्या बायका काय खातात ते पाहिले. डाळ किती, भाजी किती, दूध मिळते की नाही. शेवटी यीस्टपासून केलेला मार्माइट नावाचा स्वस्त काळा खाऱ्या चवीचा पदार्थ दिल्यावर रक्त भराभर चढते असे तिला आढळले, आणि १९३१ साली तिने ते प्रसिद्ध केले. त्यातला गुणकारी अंश म्हणजे फॉलिक आम्ल. आज आपल्या प्रत्येक गरोदर लेकीसुनेला जी गोळी मिळते, तिचे मूळ गिरणगावातल्या त्या बायकांच्या ताटात आहे.

याचा ब्लड कॅन्सरशी संबंध पुढे आला. यल्लाप्रगडा सुब्बाराव हे भीमवरमचे, आपले तेलुगू शेजारी. अमेरिकेत एका औषध कंपनीत त्यांच्या हाताखालच्या मंडळींनी हे आम्ल प्रयोगशाळेत तयार केले. बोस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर यांनी त्याच्या जातीची द्रव्ये ल्यूकेमिया झालेल्या मुलांना देऊन पाहिली, तर रोग उलट जास्तच चेकाळला! दुसरा कोणी असता तर हात टेकता. फार्बरांनी उलटा विचार केला: हे आम्ल रोगाला खाऊ घालते, तर त्याच्यासारखेच दिसणारे पण खोटे आम्ल दिले तर रोग उपाशी मरेल. सुब्बारावांच्या प्रयोगशाळेने ते खोटे आम्ल करून दिले. सोळा मुलांना चांगल्या प्रकारे औषध दिले, त्यांतल्या दहांचा रोग काही काळ हटला. ही वार्ता जून १९४८ मध्ये छापून आली. ऑगस्टमध्ये सुब्बाराव वारले. आणि सप्टेंबरात आमच्याकडे पोलीस ॲक्शन झाली. रझाकारांच्या भीतीने अर्धे उदगीर त्या सालात गाव सोडून गेले होते. बोस्टनमध्ये काय चालले आहे ते कोणाला कळणार! पण हमालाची ती पोर पुढे याच घराण्यातल्या मेथोट्रेक्सेट या औषधावर जगली.

ज्या रुग्णालयात ती जगली त्याची कथा तर आणखी जवळची. सर दोराबजी टाटांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली वेल्समध्ये याच रोगाने गेल्या. घरात एवढी संपत्ती असूनही त्या काळी कोणी काही करू शकले नाही. दोराबजींनी १९३२ साली तिच्या नावे ल्यूकेमियाच्या संशोधनासाठी निधी ठेवला आणि त्याच वर्षी स्वतः गेले. त्यांच्या मागे त्यांच्या न्यासाने २८ फेब्रुवारी १९४१ ला परळात टाटा रुग्णालय उघडले. मेहेरबाईंच्या गळ्यातला तो प्रसिद्ध ज्युबिली हिराही विकला गेला आणि पैसा न्यासात आला. याच रुग्णालयात १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी देशातले पहिले मज्जारोपण केले. लहानपणी पोलिओ झालेला हा माणूस चाकांच्या खुर्चीवरून वॉर्डात फिरे. आमच्या मुलीची आई त्या खुर्चीची गोष्ट अजून सांगते.

इथवर वहीचा इतिहास. आता वहीत जे नाही त्याचा. इतिहास शिकवताना मी मुलांना नेहमी सांगे की दफ्तर जे बोलत नाही तेही ऐकावे.

१९९९ च्या पावसाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी आजारी पडला. अभ्यासात यथातथा, पण किल्ल्याच्या सहलीत सगळ्यांची डबेवाटप करणारा तोच. पुढे तो ट्रकवर क्लीनर झाला, मग ड्रायव्हर. हैदराबाद–मुंबई रस्त्यावर महिन्यातले पंचवीस दिवस. मानेला गाठी आल्या. घरच्यांना गंडमाळ वाटली, आणि दवाखान्यातही आधी क्षयाचीच औषधे दिली. त्यात कोणाची चूक म्हणवत नाही, आपल्याकडे मानेच्या गाठी बहुधा क्षयाच्याच असतात. गाठी वाढल्या तेव्हा एका मोठ्या शहरात तुकडा काढून तपासला. लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर; ब्लड कॅन्सरचाच सख्खा भाऊ. आणि रक्त तपासले तर एचआयव्ही. त्या रुग्णालयाने त्याच्या कागदावर लाल शाईने काही लिहिले आणि आठवड्याने त्याला घरी पाठवले. रुग्णालयाचे नाव मी लिहीत नाही. त्या काळी अशी लाल शाई पुष्कळ ठिकाणी होती.

मी त्याला भेटायला गेलो. ओट्यावर उभा राहिलो. तो आतून म्हणाला, "गुरुजी, कामून उभे राहिलाव? बसा की." त्याच्या आईने चहा आणला. मी म्हणालो, "आताच घेऊन निघालो." ती काही बोलली नाही. कप ओट्याच्या कडेवर ठेवून आत गेली. मी निघालो तेव्हा तो तसाच होता, वर साय धरलेली.

वाचकहो, मला माहीत होते की चहाने हा रोग लागत नाही. सरकारी पत्रक आले होते आणि नववीच्या वर्गात ते मीच मोठ्याने वाचून दाखवले होते: स्पर्शाने नाही, भांड्याने नाही, डासाने नाही. वाचणे वेगळे आणि ओठाला कप लावणे वेगळे. आणि वही? वही घरात होती, निम्म्याहून अधिक कोरी. ती काढावी असे गावात कोणाला सुचले नाही, मलाही नाही. सहा आठवड्यांनी तो गेला. खांदा द्यायला चारच माणसे होती, त्यांतले दोन ट्रकवरचे.

पुढे बरीच वर्षे मी मनाची समजूत घालत असे की पैसे जमवले असते तरी तो वाचला नसता. निवृत्तीनंतर वाचू लागलो तेव्हा कळले की वैद्यकाच्या दृष्टीने हे जवळजवळ खरे होते. पण १९९९ साली मला ते ठाऊक नव्हते, तेव्हा ती सबब मला वापरता येत नाही.

खरे का होते तेही सांगतो, कारण इतिहासाचा गाभा तिथेच आहे. एचआयव्हीचा विषाणू शरीराच्या पहारेकरी पेशी मारतो. पहारा उठला की आतले जुने विषाणू माजतात आणि ज्या पेशी रोगाशी लढायला सारख्या वाढत असतात त्यांच्यातच एखादी बिथरते. म्हणून या रोग्यांना लिम्फोमा इतरांहून कितीतरी अधिक होतो. ल्यूकेमियाचे तसे प्रमाण नाही, हा भेद ध्यानात ठेवावा. आता लिम्फोमाची औषधे स्वतःच पांढऱ्या पेशी मारणारी. ज्याच्या पेशी आधीच सरल्या त्याला ती द्यायची कशी? पूर्ण मात्रा दिली तर माणूस जंतूंनी दगावे, अर्धी दिली तर कॅन्सरने. १९९७ साली अमेरिकेत एक चाचणी प्रसिद्ध झाली, तिचा निष्कर्ष असा की या रोग्यांना पूर्ण मात्रा दिली काय आणि कमी दिली काय, आयुष्य सारखेच. म्हणजे सारखेच थोडे. त्या काळात असा रोगी निम्म्या वेळा वर्षसुद्धा काढत नसे, तर तोच लिम्फोमा एचआयव्ही नसलेल्या माणसाला झाला तर पुष्कळसे बरे होत.

ही खिंड ओलांडली गेली ती कॅन्सरच्या औषधाने नव्हे, विषाणूच्या औषधाने. आणि गंमत पाहा, विषाणूचे पहिले औषध हे मुळात ल्यूकेमियासाठीच केलेले होते! डेट्रॉइटच्या जेरोम हॉर्विट्झ यांनी १९६४ साली झिडोवुडीन तयार केले, ते ल्यूकेमियाच्या उंदरांवर वाया गेले आणि त्यांनी ते फडताळात टाकले. पेटंटसुद्धा घेतले नाही. एकवीस वर्षांनी कोणी तरी ते काढून एचआयव्हीवर घालून पाहिले तर विषाणू थबकला. १९८७ साली त्याला मंजुरी मिळाली. विषाणूची ओळखही कॅन्सरवाल्यांमुळेच सोपी झाली. कोंबड्यांचा ल्यूकेमिया विषाणूने पसरतो हे कोपनहेगनच्या दोन डॉक्टरांनी १९०८ सालीच दाखवले होते. असे विषाणू आपला लेख उलटा लिहितात, म्हणजे नेहमीच्या दिशेविरुद्ध आर.एन.ए.वरून डी.एन.ए., हे १९७० साली टेमिन आणि बाल्टिमोर यांनी शोधले. १९८० साली माणसाच्या ल्यूकेमियात असा पहिला विषाणू सापडला. त्यामुळे १९८३ साली पॅरिसमध्ये एड्सचा विषाणू दिसला तेव्हा त्याची जात कोणती हे ओळखायला वेळ लागला नाही. समाजाने ज्या दोन रोगांत एकाला दयेच्या खोलीत आणि दुसऱ्याला ओट्यावर ठेवले, ते प्रयोगशाळेत एकाच घरचे निघाले.

एकट्या झिडोवुडीनने फार काळ निभावले नाही. १९९६ पासून तीन औषधे एकत्र देऊ लागले आणि पहारेकरी पेशी पुन्हा उभ्या राहू लागल्या. मग तीच कॅन्सरची औषधे, पूर्ण मात्रेत, त्याच रोग्यांना झेपू लागली. आज विषाणूची गोळी नियमित घेणाऱ्या आणि पेशी बऱ्या असणाऱ्या माणसाला लिम्फोमा झाला, तर त्याचा निकाल एचआयव्ही नसलेल्या माणसाच्या निकालाच्या अगदी जवळ येतो. थोडी काळजी अधिक लागते. खुद्द झिडोवुडीनच मज्जेला दाबते म्हणून केमोच्या काळात ते टाळतात, आणि विषाणूची काही औषधे कॅन्सरच्या औषधांशी भांडतात म्हणून दोन्हीकडच्या डॉक्टरांनी एकमेकांशी बोलावे लागते. पण कागदावर लाल शाईने लिहून घरी पाठवण्यासारखे त्यात काही उरलेले नाही.

१९९९ साली ही तिहेरी औषधे जगात होती, हे मला सर्वांत जास्त टोचते. वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर त्यांना पडत. उदगीरच्या ड्रायव्हरला ती चंद्रावर होती म्हणा ना. ती चंद्रावरून खाली आणली मुंबईच्या सिप्ला कंपनीच्या युसूफ हमीद यांनी. फेब्रुवारी २००१ मध्ये त्यांनी हीच औषधे वर्षाला साडेतीनशे डॉलरला देऊ केली, म्हणजे दिवसाला डॉलरहून कमी. आणि १ एप्रिल २००४ पासून सरकार ती फुकट देऊ लागले. आरंभीच्या केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. माझा विद्यार्थी पाच वर्षे लवकर आजारी पडला.

गावची मनेही हळूहळू बदलली, औषधाच्या वेगाने नव्हे. आमच्याच जिल्ह्यात औसा तालुक्यातल्या हासेगावला २००७ साली रवी बापटले यांनी एचआयव्ही असलेल्या मुलांसाठी सेवालय काढले. तिथली मुले शाळेत जाऊ लागली तेव्हा इतर पालकांनी आपली मुले घरी ठेवली, याचा मोठा गवगवा झाला होता. मी ते वर्तमानपत्रात वाचले आणि त्या पालकांवर रागावलो. मग साय धरलेला कप आठवला आणि वर्तमानपत्र घडी करून ठेवले. या रोगावरून दवाखान्यात, शाळेत, नोकरीत कोणाला दूर सारू नये असा कायदा २०१७ साली झाला आणि तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे.

मध्येच एक नवलाची गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. पुन्हा बर्लिनच, फिर्खोचे गाव. तिथे राहणाऱ्या टिमोथी ब्राउन या अमेरिकन माणसाला एचआयव्ही होता आणि २००६ साली वर ल्यूकेमिया झाला. मज्जारोपण करायचे ठरले. गेरो ह्यूटर या डॉक्टराने विचार केला की काही थोड्या लोकांच्या पेशींना विषाणू शिरण्याचे दारच जन्मतः नसते. दाता तसाच शोधावा. एकसष्टावा दाता तसा निघाला. २००७ आणि २००८ अशी दोनदा मज्जा दिली आणि त्या माणसाच्या अंगातून एचआयव्ही कायमचा गेला. जगात असे प्रथमच घडले. त्यानंतर लंडन, ड्युसेलडॉर्फ अशा ठिकाणची बोटांवर मोजण्याइतकी माणसे तशी बरी झाली आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांना रोपण मिळाले ते ब्लड कॅन्सर झाला म्हणून. उपाय इतका धोक्याचा आहे की नुसत्या एचआय‌व्हीसाठी तो कोणी करत नाही, गोळी पुरते. ब्राउन २०२० साली वारला. एचआयव्ही परतला नव्हता. ल्यूकेमिया परतला होता.

आता वहीकडे येतो. २०१७ साली आमच्या आळीतली एक बाई माझ्याकडे आली. नवरा पूर्वीच गेलेला, ती शिवणकाम करते आणि एआरटी सेंटरची गोळी आठ वर्षे न चुकता घेते, हे आळीला माहीत होते आणि कोणी बोलत नव्हते. तिच्या काखेत गाठ आली होती. लिम्फोमाच. पैशाची अडचण फारशी नव्हती, उपचार सरकारी योजनेत बसत होता. तिला हवे होते ते वेगळेच. "गुरुजी, सोबत कुणी नाही. डॉक्टर काय म्हंतेत ते मला ध्यानात राहत नाही. तुम्ही लिहून घेताव का?"

मी गेलो. सहा केमो, दर तीन आठवड्यांनी एक. पहाटेची एस.टी., तिच्या डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, माझ्या पिशवीत ही लाल वही. १९९४ च्या वर्गणीनंतरची कोरी पाने तशीच होती, त्यांवरच मी लिहू लागलो: तारीख, पांढऱ्या पेशी किती, पहारेकरी पेशी किती, कोणती गोळी बदलली, पुढे कधी यायचे. चौथ्या वेळी पेशी फार खाली गेल्या, ताप भरला, पाच दिवस ॲडमिट. मी व्हरांड्यात बसून राहिलो. तिने बाहेर निरोप धाडला की गुरुजींनी चहा घेतला का बघा.

तिच्या केमोच्या नोंदी सात पानांत संपल्या. त्यानंतर सहा-सहा महिन्यांनी एकेक ओळ आहे. मधल्या काळात मी एकदा त्या ड्रायव्हरच्या आईकडेही जाऊन आलो. तिला कमी दिसते, आवाजावरून ओळखते. काय बोलावे ते मला सुचले नाही आणि तिनेही १९९९ चे काही काढले नाही. चहा झाला. फार गोड होता.

वहीतली शेवटची ओळ या आश्विनातली आहे. 'पेशी ठीक. गाठ नाही. गोळी चालू. पुढची तारीख एप्रिल.' त्याखाली तिने स्वतः पेन्सिलीने लिहिले आहे की गुरुजींचा ब्लाउजपीस तयार आहे, वहिनींना पाठवून द्या. हा निरोप मला माळ्यावर बसलेला असतानाच कळला, तेव्हा सौभाग्यवती खालून का ओरडत होत्या तेही कळले.